पोकळ ओक आणि आपला सागरेश्वर

सागरेश्वर अभयारण्याचं क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर आहे. लंडनच्या नैऋत्य टोकाला असलेल्या रिचमंड पार्कचं ९.५५. म्हणजे कडेगाव, पलूस आणि वाळव्याच्या मधला आपला डोंगर इंग्लंडच्या राजाच्या त्या शिकारीच्या रानापेक्षा थोडा मोठाच भरतो. दोन्हींना कुंपण आहे, दोन्हीकडे हरणं माणसानं आणून सोडलेली आहेत आणि दोन्हींच्या चहूबाजूंनी माणसांची वर्दळ आहे. तिकडची भिंत १६३७ मधली, इकडचं अभयारण्य १९८५ मधलं. मधल्या साडेतीनशे वर्षांत तिकडे जे साठलं आहे त्याबद्दल मला लिहायचं आहे. तिथे जाणारे लोक हरणांचे फोटो काढून येतात. मी लिहितोय ते मेलेल्या लाकडाबद्दल.

सांगलीत आमची लाकडाची वखार आहे. वडिलांनी सुरू केली, त्यांच्यामागे मी बघतोय. साग, शिसव, आंबा, जांभूळ, बाभूळ, जे येईल ते. ओंडका बाहेरून बघून आत काय दडलंय हे ओळखणं, हाच आमच्या धंद्याचा कणा. तोंडाशी उकिडवं बसून गाभा नखानं दाबून बघायचा, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं ठोकून आवाज ऐकायचा. भरीव ओंडका खणखणीत बोलतो, पोकळ असला की आवाज आतल्या आत बसतो. पोकळ निघाला की तो घनफुटाच्या हिशेबातून उठतो आणि वजनकाट्यावर जातो, जळण म्हणून. भिरूड लागलेला आंबा, वाळवीनं खाल्लेली बाभूळ, ढोली पडलेलं जांभूळ, सगळ्यांची गत तीच.

थोरला मुलगा नोकरीनिमित्त किंगस्टनला असतो. त्याच्या घरापासून पार्कचं किंगस्टन गेट पायी जाण्यासारखं. आम्ही दोघं गेलो तेव्हा तिकडचा उन्हाळा होता, रात्री नऊ वाजले तरी उजेड. मुलगा आम्हाला घेऊन हरणं दाखवायला निघाला आणि मी पहिल्याच मोठ्या ओकपाशी थांबलो.

त्या ओकचा बुंधा चार माणसांच्या कवेत येणार नाही एवढा. जमिनीपासून दीडदोन पुरुष उंचीवर खोड एकदम संपल्यासारखं होतं आणि तिथून मनगटापासून मांडीपर्यंतच्या जाडीच्या फांद्या वर गेलेल्या. ही ठेवण मुद्दाम केलेली असते. हरणांचं तोंड पोहोचणार नाही अशा उंचीवर माथा छाटायचा, फुटवे आले की काही वर्षांनी ते काढायचे, पुन्हा येऊ द्यायचे. खोड तसंच राहतं, जळण मिळत राहतं, आणि असं छाटलेलं झाड कितीतरी जास्त जगतं. बुंध्याच्या एका अंगाला माणूस वाकून आत जाईल एवढी फट होती. आत डोकावलो. तळाशी तांबूस भुसा, बोटांनी चुरला तर ओलसर लागला आणि जुन्या कोठारासारखा वास आला. वर बघितलं तर थेट आकाश. म्हणजे गाभा पार गेलेला. आणि बाहेर त्याच झाडाला हिरवीगार, भरगच्च पालवी.

लाकडातल्या माणसाला यात चमत्कार वाटायचं कारण नाही, कारण झाड जगतं ते सालीखालच्या पातळ थरावर. आतला गाभा जिवंत नसतोच, तो फक्त आधार देतो. बुरशी तो गाभा हळूहळू खाते, त्यातलं झाडालाच पुन्हा खत म्हणून मिळतं आणि उरलेलं खोड नळीसारखं उभं राहतं. ओकवर येणारी एक बुरशी अशी आहे, दिसायला कापलेल्या कलेजीसारखी, ती लागली की आतलं लाकूड गडद तपकिरी होतं आणि ते कुजून जाण्याआधी हाती लागलं तर तिकडचे फर्निचरवाले त्याला चढा भाव देतात. पार्कात मात्र तशा झाडाला कुणी करवत लावत नाही. ओकबद्दल तिकडे म्हण आहे की तो तीनशे वर्षं वाढतो, तीनशे वर्षं जगतो आणि तीनशे वर्षं मरत राहतो. आमच्या धंद्याला पहिली तीनशे वर्षं पुरतात. रिचमंड पार्कची सगळी श्रीमंती शेवटच्या तीनशे वर्षांत आहे.

अशी म्हातारी झाडं तिथे हजाराहून जास्त आहेत. त्यातली काही राजानं भिंत घातली त्याच्याही आधीची, शेताच्या बांधावरची किंवा गायरानातली. ‘रॉयल ओक’ नावाचं एक झाड सातशे वर्षांच्या पुढचं असावं असं मानतात. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीच ते तीनशे वर्षांचं झालेलं होतं, हे मनात आलं आणि मी त्याच्याजवळ बराच वेळ उभा राहिलो. अशा काही झाडांभोवती कुंपण घातलंय, मुळांवरची माती लोकांच्या पायांनी दाबली जाऊ नये म्हणून. आणि एखादं झाड पडलं तर ते जिथे पडलं तिथेच पडून राहू देतात. वाटेवर आलं तर बाजूला सरकवतात, पण बाहेर नेत नाहीत. गवतात आडवे पडलेले, साल गळालेले, पांढुरके झालेले प्रचंड ओंडके मी बघत होतो आणि मनातल्या मनात घनफूट मोजत होतो. सवय जात नाही. पार्कवाल्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथल्या फलकांवर तो लिहिलेला असतो आणि तो मला पटला.

या पार्कात भुंगेऱ्यांच्या तेराशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी त्या कुजक्या लाकडावर जगतात. एका शहरातल्या एका बागेत तेराशे. त्यातला सर्वांत नावाजलेला म्हणजे स्टॅग बीटल, नराच्या तोंडाला सांबराच्या शिंगांसारखे जबडे, लांबी साडेसात सेंटिमीटरपर्यंत. ब्रिटनमधला हा सगळ्यात मोठा भुंगेरा, आणि प्रामुख्यानं त्याच्यासाठीच या पार्कला युरोपीय पातळीवरचं संरक्षण मिळालं. मुलानं मोबाइलवर त्याच्या अळीचा फोटो दाखवला आणि हिच्या तोंडून निघालं, “अगं बाई, ही तर हुमणी!”

अगदी तसंच दिसतं ते. पांढरी, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, नारिंगी डोकं, शेपटाकडचा भाग काळपट. सांगली-साताऱ्याच्या ऊसवाल्याला हुमणी सांगायला नको. वळवाचा पाऊस पडला की भुंगेरे बाभळी-कडुलिंबावर गोळा होतात, आपण प्रकाश सापळे लावतो, फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकतो, तरी ऑगस्ट-सप्टेंबरात उसाचं बेटच्या बेट हाताला उपटून येतं. पण हुमणी जिवंत मुळं खाते आणि स्टॅग बीटलची अळी जिवंत झाडाला तोंडही लावत नाही. जमिनीखालचं कुजलेलं लाकूड हेच तिचं अन्न. आणि त्यात पोषण इतकं कमी की वाढ पूर्ण व्हायला तीन वर्षं, कधी सहा-सात वर्षंही लागतात. मग ती कोषात जाते, उन्हाळ्यात भुंगेरा बाहेर येतो, उबदार संध्याकाळी जड आवाज करत उडतो, जोडीदार शोधतो आणि काही आठवड्यांत मरतो. म्हणजे आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ एका कुजणाऱ्या बुंध्याखाली. मधल्या कुठल्याही वर्षी कुणी तो बुंधा साफसफाईच्या नावाखाली उपटून नेला की खेळ खलास.

मुद्दा असा की या जिवांना एक जुनं झाड असून चालत नाही. ते संपायच्या आत शेजारी दुसरं कुजायला लागलेलं हवं, त्याच्यामागे तिसरं. यातले बरेचसे भुंगेरे फार लांब जात नाहीत. शेकडो वर्षं ही साखळी न तुटता चालू राहिली तरच ते टिकतात. म्हणून पार्कात जुन्या ओकच्या आसपास नवी रोपं लावून त्यांना हरणांपासून वाचवायला भक्कम लाकडी कठडे केलेत. ज्या माणसानं ते रोप लावलं त्याच्या नातवाच्या नातवालाही त्याची ढोली दिसणार नाही. तरीही लावतात, आणि मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो.

हे सगळं राखलं गेलं त्याचं मूळ कारण मात्र निसर्गप्रेम नव्हे. १६२५ मध्ये लंडनला प्लेगची साथ आली म्हणून पहिला चार्ल्स राजा रिचमंडच्या राजवाड्यात येऊन राहिला. शिकारीसाठी त्यानं आजूबाजूचा मुलूख पसंत केला, त्यात लोकांच्या जमिनी होत्या, गायरानं होती. १६३७ मध्ये त्यानं सगळ्याला भिंत घातली, सुमारे आठ मैलांची. लोक चिडले. त्यांना शांत करायला वाटेनं जाण्या-येण्याचा आणि सरपण गोळा करण्याचा हक्क ठेवावा लागला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी दुसऱ्या जॉर्जची मुलगी अमेलिया पार्कची रेंजर झाली आणि तिनं दारं सामान्यांना बंद केली. तेव्हा रिचमंडचा एक बिअर गाळणारा व्यापारी, जॉन लुईस, कोर्टात गेला आणि १७५८ मध्ये खटला जिंकला. न्यायाधीशानं विचारलं, भिंतीतून दार हवं की भिंतीवरून चढायला शिडी? त्यानं शिडी मागितली, कारण दाराला कुलूप घालता येतं. आपल्याकडे गायरानाच्या वाटेसाठी तहसीलला खेटे घालणाऱ्यांना या माणसाचं महत्त्व सांगायला नको. राजानं भिंत घातली म्हणून झाडं राहिली आणि एका व्यापाऱ्यानं वाट मोकळी केली म्हणून आज आपल्यासारख्याला ती बघता येतात. तिकीट नाही.

हरणांबद्दल थोडं सांगतो, कारण ती नसती तर हे रान असं राहिलं नसतं. तांबडी हरणं आणि ठिपक्यांची फॅलो हरणं मिळून सहाशेवर आहेत. ती चरतात म्हणून झुडपं माजत नाहीत, गवताळ जागा मोकळ्या राहतात, ओकला चारी बाजूंनी ऊन मिळतं. सगळ्या झाडांच्या खालच्या फांद्या एकाच उंचीवर, सुतानं आखल्यासारख्या खाल्लेल्या दिसतात. गवतात मुंग्यांची वारुळं, गवतानं झाकलेली, गुडघ्याच्या आतली, नजर जाईल तिथवर. त्या पिवळ्या मुंग्यांवर तिथला हिरवा सुतारपक्षी जगतो. वाघ-लांडगे नाहीत, त्यामुळे दर हिवाळ्यात पार्कवाले स्वतःच काही हरणं मारून संख्या आवरतात. त्या दिवसांत रात्री दारं बंद असतात. ऐकायला कठोर वाटतं, पण भिंतीच्या आत हरणं ठेवायची तर हा हिशेब कुणाला तरी करावाच लागतो.

आणि पोपट! मान वर केली तर आपला लाल चोचीचा, गळ्याला कंठी असलेला पोपट, जोंधळ्याच्या कणसावर बसणारा, तोच. थव्याथव्यानं चिरकत चाललेला. पाळलेले सुटले आणि लंडनभर पसरले, असं सांगतात. घरटं करायला त्याला ढोली लागते आणि या पार्काइतक्या ढोल्या त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? तिथल्या पक्षीवाल्यांना काळजी आहे की स्थानिक ढोलीवासी पक्ष्यांच्या जागा हा बळकावतो. ही मात्र खूश झाली. परक्या मुलखात माहेरचं कुणी भेटावं तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

परत आल्यावर माझ्या डोक्यात आज्ञापत्र घोळत राहिलं. रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडाबद्दल जे लिहिलं ते आपण वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात नेहमी ऐकतो: आंबे-फणसांना हात लावू नये, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवली आहेत. त्याच्याच पुढे एक सवलत आहे, ती कुणी वाचून दाखवत नाही. एखादं झाड फार जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकारभारात यापेक्षा न्यायी नियम कुठे सापडायचा नाही. जहाजं बांधायची होती, तिकडे ओकची बांधत होते, इकडे सागाची. पण तीच सवलत आपल्या मनात आजही घट्ट बसली आहे. जीर्ण झालं म्हणजे कामातून गेलं. वन खातं, ग्रामपंचायत, शेतकरी, आम्ही वखारवाले, सगळे त्याच मापानं झाड बघतो. वाळलेलं झाड दिसलं की पहिला प्रश्न, कधी काढायचं?

याला अपवाद आपल्याकडे एकच होता, देवराई. जावळी, पाटण, शिराळ्याच्या पश्चिमेकडच्या गावांत जुनी माणसं अजून सांगतात, देवाच्या रानातली पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. चुलीत घातली तर घरावर कोप होतो. वर्षानुवर्षं पडलेलं लाकूड तिथेच कुजत राहिलं आणि त्यावर काय काय जगलं असेल, याची आपण नीट मोजदादही केलेली नाही. तिकडे राजाच्या भिंतीनं केलं ते काम इकडे देवाच्या धाकानं केलं. आता देवळांचे जीर्णोद्धार चाललेत, फरशी बसते, सभामंडप होतो, आणि पहिल्यांदा जातं ते देवळामागचं पोकळ झाड, कारण ते पत्र्यावर पडेल.

सागरेश्वरकडे मी या नजरेनं बघतो. तो डोंगर उघडाबोडका होता हे आमच्या पिढीनं पाहिलंय. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली, कुंपण झालं, सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले. माणसानं उभं केलेलं अभयारण्य म्हणून त्याचं नाव झालं आणि ते रास्तच आहे. वरच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कृष्णेचं वळण आणि उसाचा हिरवा पट्टा दिसतो. श्रावणात खाली सागरेश्वराच्या देवळांत गर्दी असते, वर मात्र फार कमी जण चढतात. उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात, हरणं कुंपण ओलांडून पिकात उतरतात, खालच्या शेतकऱ्यांचा त्यावर राग आहे आणि तो खोटा नाही. पण झाडं? ती बहुतेक पन्नाशीच्या आतबाहेरची. रिचमंडच्या हिशेबात अजून बाळं. ढोली पडायला, गाभा सुटायला, धनेशाला घरटं करता येईल एवढं खोड व्हायला अजून दीडशे वर्षं द्यावी लागतील. माझं म्हणणं एवढंच आहे की ती दीडशे वर्षं आजपासून मोजायला सुरुवात करा. वाळलेलं झाड उभं राहू द्या, पडलेलं पडू द्या. वणव्याची भीती खरी आहे, तिच्यासाठी जाळरेषा काढा, गवत आणि बारीक काटक्या आवरा. जाड बुंधा वणव्याला सहजी पेटत नाही. तो पावसाळाभर पाणी धरून बसतो, हे मी वखारीत उघड्यावर पडलेल्या ओंडक्यांवर दरवर्षी बघतो.

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड आठवत असेल. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता, चारशे वर्षांचा म्हणून सांगत. २०२० मध्ये लोक उभे राहिले, बातम्या झाल्या, रस्ता बाजूनं वळवायचं ठरलं आणि वड वाचला. दोन वर्षांनी तो पावसात कोसळला. तेव्हा बरेच जण म्हणाले, एवढी धडपड वायाच गेली. मला ते अजिबात पटत नाही. वडाचं लाकूड वखारीत कुणी हौसेनं घेत नाही, त्याला भाव नाही. मग तर असा बुंधा आहे तिथे राहू द्यायला काहीच हरकत नाही. चारशे वर्षांचा वड आडवा पडला की त्याचं पुढचं शतक सुरू होतं.

कुंडलजवळ आमची थोडी शेती आहे, चुलतभावाबरोबर सामाईक बांध. त्या बांधावरचा रायवळ आंबा दोन पावसाळ्यांपूर्वी वाळला. भिरूड लागली होती, बुंध्याशी भुशाचे ढीग पडत. गेल्या हिवाळ्यात त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी दिसली. भाऊ म्हणाला, “दादा, तुझी वखार असून झाड वाळत उभं ठेवतोस? लोक काय म्हणतील? बंबाला दोन वर्षांचं जळण आहे हे.” त्याची बाजू अशी की ते त्याच्या गोठ्याच्या अंगाला कलतं आणि वादळात पडलं तर पत्रे जातील. हे खरं होतं. शेवटी मी मिस्त्रींना घेऊन गेलो, गोठ्याकडच्या दोन्ही फांद्या उतरवल्या, माथा पुरुषभर खाली आणला, जेवढं उतरलं तेवढं सगळं भावाच्या अंगणात टाकलं. बुंधा ढोलीसकट उभा आहे. पडेल तेव्हा बांधावरच पडेल आणि तिथून उचलायचा नाही, असं दोघांत ठरलंय. वहिनींनी साक्ष दिली आहे.